‘ती अजून जिवंत आहे’ या शब्दांबद्दल

पोलीस ठाणे किलबार्ट, जिल्हा गॉल्वे
दिनांक १६ मार्च १८८८, शुक्रवार

नाव फेस्टस कोलमन मॅनियन, वय २१ वर्षे, धंदा शाळेत मदतनीस मास्तर, शिक्षण सहावीपर्यंत, राहणार अर्डकील, किलबार्ट. आयरिश बोलता येते, लिहिता येत नाही, कारण ती कोणी शिकवली नाही. इंग्रजी बोलता व लिहिता येते.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून लिहून देतो की, वर दिलेल्या पत्त्यावर मी आईवडील व दोन बहिणींसह राहतो. ज्या जहागिरीवर खालील प्रकार घडला, त्याच जहागिरीचे माझे वडील कूळ आहेत. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी ते लपवले असे नंतर कोणी म्हणू नये.

बेलिफ सॅम्युएल गॉल्ट यांच्या खुनाचा आरोप मुर्टी लायडन आणि त्याची आई ऑनर लायडन या दोघांवर ठेवला आहे. आरोपपत्रात मुर्टीचे नाव ‘मार्टिन’ लिहिले आहे. ते चूक आहे, दुरुस्त व्हावे. आईवर आरोप असा की, घरात एक बाई लपली आहे असे खोटे सांगून तिने गॉल्टला आत पाठवले आणि मुलाने त्याला आत मारले. ते शब्द इंग्रजीत सांगणारा मी आहे. त्या शब्दांचा अर्थ काय होता, हे सांगण्यासाठी मी आपण होऊन आलो आहे. मला कोणी बोलावले नाही.

हा जबाब मी माझ्या हाताने इंग्रजीत लिहीत आहे. जबाब घेणारे सार्जंट कॉर्नेलियस टूही यांचा उजवा हात भाजल्यामुळे बांधलेला आहे. प्रश्न ते विचारतात, उत्तर मी बोलतो आणि तेच लिहितो.

परवा बुधवारी लायडनांचे घर खाली करायचे होते. सकाळी शेरीफ साहेबांचा माणूस शाळेत आला. नेहमीचा दुभाषा पोटदुखीने आजारी आहे असे तो म्हणाला. (नेहमीचा दुभाषा मला काल भेटला. त्याचे पोट बरे होते.) आमच्या शाळेच्या चालकांनी मला जायला सांगितले. मी नाही म्हणालो नाही.

आम्ही लायडनांच्या गावी, डेरीनाशीला पोचलो तेव्हा पुढे पोलीस, मागे घोडेस्वार सैनिक, त्यांच्या मागे बेलिफ आणि शेवटी एका गाड्यावर लाकडाची तिकाटी आणि तिला टांगून भिंती फोडायचा ओंडका होता. ओंडक्याच्या टोकाला लोखंड बसवलेले होते. टेकडीवर शिंग वाजत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावचे लोक उभे होते. मी शेरीफ साहेबांच्या शेजारून चालत होतो.

एक बाई म्हणाली, “काय रे फेस्टी, पोरांना अक्षरं शिकवून झाली, आता शेरीफला शिकवतोस होय?”

दुसरी म्हणाली, “त्याला हटकू नकोस गं. तो आज सरकारी जीभ लावून आलाय. स्वतःची घरी खुंटीला टांगून ठेवलीय.”

माझ्या आईची चुलत बहीण तिथे होती. तिने तोंड फिरवले.

सार्जंट साहेब म्हणतात की हे गैरलागू आहे. मी ते लिहिले, कारण मी त्या दिवशी कोणाच्या बाजूला उभा होतो हे त्यातून दिसते. मी लायडनांच्या बाजूला नव्हतो.

लायडनांचे घर टेकडीच्या पायथ्याला एकटेच आहे. घरात ऑनर लायडन होत्या. वय सत्तरच्या आसपास, गावात सगळे त्यांना नॅन म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचा मुलगा मुर्टी आणि सून सिबी हेही होते. मुले आदल्या दिवशीच शेजारी हलवली होती. दार आतून दगड आणि काटेरी झुडपे लावून बंद केले होते. एक लहान खिडकी उघडी होती.

शेरीफ साहेबांनी हुकूम वाचला. मी तो आयरिशमध्ये मोठ्याने सांगितला. थकलेल्या खंडापोटी घर व जमीन यांचा कबजा घेण्यात येत आहे, असा तो हुकूम होता. जहागिरीचे कारभारी मि. पेनफादर घोड्यावर होते. नॅन खिडकीशी आल्या आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “त्या घोड्यावरच्याला सांग. तुझं मढं उचलायला चौथा माणूस मिळणार नाही, आणि तिघं मिळतील तेसुद्धा मजुरीचे असतील.”

मी शेरीफ साहेबांना इंग्रजीत सांगितले, “बाईंना हुकूम मान्य नाही.”

ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या ते हसले. टेकडीवरून कोणीतरी ओरडले, “शाब्बास मास्तर! अख्खं मढं खाऊन ढेकरसुद्धा दिली नाहीस!” मग एका बेलिफाने (तो नंतर मागे ओंडक्याकडे गेला) शेरीफ साहेबांना खरे शब्द सांगितले. शेरीफ साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “मास्तर, तू इथे सभ्यता शिकवायला आणलेला नाहीस. तुझं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. ती बोलेल ते शब्दाला शब्द. पुन्हा असं केलंस तर तुला अडथळा आणल्याबद्दल त्यांच्याबरोबरच आत टाकीन.”

मी म्हणालो, “होय साहेब.”

हे बोलणे कृपया नीट वाचावे. पुढचे सगळे त्यातून झाले.

त्यानंतर तिकाटी घराच्या मागच्या अंगाला, चुलीकडच्या उंच भिंतीसमोर उभी केली. पोलिसांनी पुढचे दार पहारींनी फोडायला घेतले. खिडकीतून मक्याची उकळती लापशी बाहेर आली. ती एका कॉन्स्टेबलच्या मानेवर आणि सार्जंट टूही यांच्या उजव्या हातावर पडली. कातडी हातमोज्यासारखी सुटून आली, हे मी पाहिले. भांडे कोणाच्या हातात होते ते मला दिसले नाही. वाफ होती.

टेकडीवरून दगड आले. एका कॉन्स्टेबलचे पुढचे दात गेले. तो गुडघ्यावर बसून गवतात ते शोधत होता. घोडेस्वार टेकडीवर चढले आणि लोक पांगले. पळताना एक म्हातारा पडला, त्याच्यावरून घोडा गेला. तो जिवंत आहे, पण अजून बोलत नाही.

मागच्या भिंतीवर ओंडक्याचे काही घाव बसले. भिंतीला वरून खालपर्यंत तडा गेला, पण ती पडली नाही. तेवढ्यात दार पडले आणि पोलीस आत शिरले.

सिबीला पाय धरून बाहेर ओढले. तिचे डोके उंबऱ्याच्या दगडावर दोनदा आपटले. मुर्टीला केस धरून आणले. त्याचे दोन्ही हात दोन कॉन्स्टेबलांनी धरले होते, तो हलत नव्हता, त्या वेळी गॉल्टने पहारीने त्याच्या खांद्यावर मारले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडताना होतो तसा तो होता. मुर्टी गॉल्टला म्हणाला, “घरी बायकोला सांग, आज धरून ठेवलेल्या माणसाला जिंकलास.” हे मला कोणी इंग्रजीत सांगायला सांगितले नाही. मी सांगितले नाही.

नॅन खुर्चीवरून उठेनात. तेव्हा त्यांना खुर्चीसकट बाहेर आणून अंगणात ठेवले. मग सामान फेकले. पलंग, पेटी, पाळणा, बटाट्यांची टोपली, चुलीवरचे लोखंडी भांडे. डुकराला बाहेर काढायला तीन माणसे लागली. त्या दिवशी पोलिसांना सर्वांत चांगली लढत त्यानेच दिली, असे नंतर लोक म्हणत होते.

आता मुख्य गोष्ट.

कबजा पुरा व्हायचा तर घरात एकही जिवंत प्राणी राहता कामा नये. एखादे मांजर राहिले तरी कबजा कच्चा, असे शेरीफ साहेब मला म्हणाले. मागच्या आठवड्यात दुसऱ्या गावी एक मुलगी माळ्यावर गवतात लपून राहिली होती. सगळे बाहेर आले असे समजून बेलिफ आत गेला आणि तिने वरून त्याच्यावर उकळते पाणी ओतले. त्यामुळे या वेळी शेरीफ साहेबांना खात्री हवी होती. ते मला म्हणाले, “म्हातारीला विचार, आत जिवंत असं काही उरलं आहे का?”

मी नॅनना तसेच विचारले.

नॅन खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. त्यांनी आधी दाराकडे, मग माझ्याकडे बघितले आणि त्या म्हणाल्या, “ती अजून जिवंत आहे.”

मी इंग्रजीत शब्दाला शब्द सांगितले.

आमच्या भाषेत आग ही ‘ती’ असते. इंग्रजीत आग बाईही नाही आणि पुरुषही नाही, ती निर्जीव वस्तू असते. इंग्रजीत ‘ती जिवंत आहे’ म्हटले की ऐकणाऱ्याला एक बाई किंवा मुलगी दिसते, दुसरे काही दिसूच शकत नाही. आमच्याकडे चुलीतला विस्तव रात्री राखेखाली झाकतात आणि सकाळी फुंकतात. तो कधी विझू देत नाहीत. सकाळी सुनेने सासूला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, “जिवंत आहे का ती?” लायडनांचा विस्तव मुर्टीच्या पणज्याच्या वेळचा आहे असे सांगतात. मोठ्या दुष्काळात शिजवायला काही नव्हते, तरी नॅनच्या सासूने तो ठेवला होता. तो खरोखर तितका जुना आहे का, हे मला माहीत नाही. पण नॅन तसे मानतात हे मला माहीत आहे. चूल पेटलेली आहे तोवर घर आपले, असेही आमच्याकडे मानतात. म्हणजे नॅन शेरीफ साहेबांना सांगत होत्या की, अजून घर तुमचे झालेले नाही. हे आव्हान होते. जाळे नव्हते.

नॅनना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. माझ्या तोंडून काय गेले हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. ज्या भाषेत ते वाक्य खोटे ठरते ती भाषा त्या बोलल्याच नाहीत.

प्रश्न विचारल्यावरून सांगतो की, त्या वेळी अर्थ मला कळला होता. मी तोंड उघडले होते. पण शेरीफ साहेबांनी हात वर केला आणि म्हणाले, “बस. ऐकलं मी.” मग ते गॉल्टला म्हणाले, “आत एक पोरगी आहे. माळा बघ. गवत पहारीने टोचून बघ.” मी “साहेब” असे म्हणालो. ते म्हणाले, “विचारलं तेवढंच.”

गॉल्ट पहार घेऊन आत गेला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये हे मला कळते. पण मुर्टी का धावला हे समजायचे तर एक गोष्ट लिहावीच लागेल. गॉल्टची एक सवय या भागात सगळ्यांना माहीत होती. घर रिकामे झाले की तो चुलीत लघवी करून विस्तव विझवत असे आणि वर म्हणत असे, “घ्या, पवित्र पाणी.” दारातून तो चुलीकडे जाताना दिसला.

नॅन किंचाळल्या, “मुर्टी, ती!”

मुर्टीचा एक खांदा मोडलेला होता. त्याने दुसऱ्या हाताला झटका दिला, एका कॉन्स्टेबलच्या तोंडावर डोके मारले आणि आत पळाला. हे मी पाहिले. त्याच्या हातात काही नव्हते.

मी घराच्या कोपऱ्यावर उभा होतो. तिथून पुढचे दारही दिसत होते आणि मागची तिकाटीही. मि. पेनफादर मागच्या बाजूला तिकाटीजवळ होते. तिथून दार दिसत नाही. कोणीतरी ओरडले, “आत माणसं आहेत!” ते मी होतो. मी इंग्रजीत ओरडलो. मि. पेनफादर यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी छडी वर केली आणि खाली केली.

ओंडक्याचा या वेळचा पहिला घाव बसला. तड्यातून दगड आत पडले. आतून गॉल्टचा आवाज आला, इंग्रजीत, “थांबा, मी आहे आत, मी गॉल्ट!” आवाज स्पष्ट होता. मग दुसरा घाव बसला. भिंत आत गेली, तिच्यावर टेकलेली मोठी तुळई सुटली आणि निम्मे छप्पर खाली आले. गॉल्टचा आवाज त्यानंतर आला नाही.

हा क्रम मी पुन्हा लिहितो. पहिला घाव, गॉल्टची हाक, दुसरा घाव, तुळई. मुर्टीने त्याला आधीच मारले असते तर त्याने हाक मारली नसती.

धुरळ्यातून मुर्टी पुढच्या दाराने बाहेर आला. त्याचे केस जळत होते. चांगल्या हातात चुलीचा लांब चिमटा होता आणि चिमट्यात मुठीएवढा लाल निखारा होता. तो ओरडत होता, “तुळई पडलीय त्याच्यावर, उचला, चौघं या!” हे तो पोलिसांना सांगत होता, पण आयरिशमध्ये. ते इंग्रजीत सांगायला मला कोणी सांगितले नव्हते. या वेळी मी सांगितले. मी तीनदा ओरडून सांगितले. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. सगळे चिमट्याकडे पाहत होते.

एका कॉन्स्टेबलने संगीन त्याच्या मांडीत खुपसली. ती मागून बाहेर आली. मुर्टी पडला नाही. नॅन खुर्चीवरून उठल्या आणि अंगणात पडलेले लोखंडी भांडे त्यांनी दोन्ही हातांनी पुढे धरले. मुर्टीने निखारा त्यात ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग तो पडला. पडल्यावर त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी आणि बुटांनी मारले. किती जणांनी ते सांगता येत नाही, कारण मला मधला भाग दिसत नव्हता, फक्त पाठी दिसत होत्या. त्याचा डावा डोळा गेला आहे असे मी ऐकले. मी तो पाहिलेला नाही.

एकाने भांड्याला लाथ मारली. नॅननी सोडले नाही. तेव्हा त्यांचा हात मनगटाच्या वर मोडला.

प्रश्न: माणूस तुळईखाली पडलेला असताना आरोपीने त्याला सोडून निखारा उचलला काय?

उत्तर: उचलला. ते मी लपवत नाही. चांगला माणूस कसा वागला असता, हे मला माहीत नाही. मोडलेल्या खांद्याच्या माणसाला ती तुळई हलली नसती एवढेच सांगतो. ती नंतर सहा जणांना हलली.

प्रश्न: चिमट्यावर रक्त आहे. गॉल्टची कवटी फुटलेली आहे. ती चिमट्याने फोडली नाही हे तू कशावरून म्हणतोस?

उत्तर: रक्त मुर्टीच्या मांडीचे आहे. चिमटा त्याच्याच अंगाखाली सापडला. आणि आमच्या चुलीत जळते ते पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, पेटल्यावर कसे असते हे सार्जंट साहेबांना ठाऊक आहे. ते लाकडी कोळशासारखे टणक नसते. चिमटा जरा आवळला तरी त्याचा चुरा होतो. तो चिमटा कोणाच्या डोक्यात घातला असता तर बाहेर राख आली असती. भांड्यात निखारा अखंड होता. शेरीफ साहेबांपासून सगळ्यांनी तो पाहिला.

प्रश्न: आधी मारून मग निखारा उचलला असेल.

उत्तर: गॉल्टची हाक आणि दुसरा घाव यांत एक श्वास घेण्याइतकाच वेळ होता. तेवढ्यात मारणे आणि निखारा निवडून उचलणे, दोन्ही होत नाही. घाव कोणाच्या हुकमाने बसला, ते मी वर लिहिले आहे. ते खोडण्याची माझी तयारी नाही.

इथे सार्जंट साहेबांनी मला लेखणी खाली ठेवायला सांगितली आणि माझ्याशी बोलले. ते बोलणे मी त्यांच्या समक्ष लिहीत आहे.

ते म्हणाले, “मास्तर, तू मुर्टीला वाचवायला आलास की स्वतःचा गळा द्यायला? चुकीचं तू सांगितलंस. उद्या वकील उभा राहील आणि म्हणेल, गॉल्टला या पोरानं मारलं.”

मी म्हणालो, “म्हणू दे. मला फाशी देणार नाहीत.”

ते म्हणाले, “शाळा जाईल. वडिलांची जमीन जाईल. पेनफादरचं नाव लिहिलंयस तू, जरा विचार कर.”

मी म्हणालो, “स्पेलिंग बरोबर आहे ना?”

ते हसले नाहीत. मीही थट्टा केली नव्हती.

ते म्हणाले, “हे बघ, खटला इथे चालणारच नाही. नव्या कायद्यानं तो लांबच्या जिल्ह्यात जाईल. ज्युरीतल्या एकालाही तुमची भाषा येत नसेल. सरकारी दुभाषा उभा करतील, तो म्हणेल ‘ती’ म्हणजे ती. तुझ्या एकट्याच्या व्याकरणाला कोण विचारतं?”

हे खरे आहे. माझा एकट्याचा शब्द पुरणार नाही हे मला कळते. मी कुळाचा मुलगा आहे, त्याच भागातला आहे, आणि सरकारी दुभाषा नाही. म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे. सार्जंट साहेबांनी रागावू नये.

नॅन ते शब्द बोलल्या तेव्हा सार्जंट टूही त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला उभे होते. भाजलेला हात त्यांनी छातीशी धरला होता. माझ्याइतकेच जवळ होते. मी इंग्रजीत सांगितले तेव्हा त्यांनी झटकन माझ्याकडे पाहिले. मला वाटले ते काही बोलतील. ते बोलले नाहीत.

नंतर नॅनचा हात मोडला तेव्हा त्यांनी त्या कॉन्स्टेबलला मागे ढकलले, खाली वाकले आणि नॅनना म्हणाले, “गप, माय, गप. ती विझली नाही. बघ, लाल आहे.” हे ते आयरिशमध्ये म्हणाले. आमच्यासारखी नाही, दक्षिणेकडची बोली, पण आयरिश. आणि ते ‘ती’ म्हणाले. मी ऐकले. नॅननी ऐकले.

सार्जंट साहेबांनी हे वाचून विचारले, “हे काढशील का?”

मी म्हणालो, “नाही साहेब.”

ते म्हणाले, “मला पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. घरी पाच मुलं आहेत. या ठाण्यात कोणाला माहीत नाही की मला ती भाषा येते. ज्या पोलिसाला ती येते, त्याच्यावर वरच्यांचा विश्वास नसतो. तो कुठल्या बाजूचा, हे रोज तपासतात.”

मी म्हणालो, “मला माहीत आहे, साहेब. मला तर टेकडीवरचेही तपासतात.”

त्यांनी विचारले, “आणि मी म्हणालो की तू खोटं लिहिलंस, तर?”

मी म्हणालो की, मग तसे लिहावे आणि खाली सही करावी. मी माझे शब्द बदलणार नाही, त्यांनी त्यांचे काय करावे हे मी सांगू शकत नाही. मात्र नॅन मागच्या कोठडीत आहेत, मुर्टी लष्करी इस्पितळात साखळीने बांधलेला आहे, आणि दोघांनाही त्यांच्यावर कोणत्या शब्दासाठी खटला आहे हे अजून कोणी त्यांच्या भाषेत सांगितलेले नाही. ते सांगायला मला आत जाऊ द्यावे अशी विनंती मी केली. ती नाकारण्यात आली.

यापेक्षा जास्त मला माहीत नाही. वरील मजकूर मी शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय लिहिला. सार्जंट टूही यांनी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. ज्या ठिकाणी ते थांबले तिथे मी वाट पाहिली. वाचून झाल्यावर दोन शब्दांचे स्पेलिंग दुरुस्त केले, बाकी काही बदलले नाही. मी सांगितले तेच लिहिले आहे आणि ते खरे आहे. खाली सही करतो.

फेस्टस कोलमन मॅनियन

माझ्या समोर लिहिला. साक्षीदार शब्दाचा जो अर्थ सांगतो तोच अर्थ आहे. मी खुर्चीशेजारी उभा होतो. मी ऐकला, मला कळला, आणि मी बोललो नाही. डाव्या हाताने लिहीत असल्याने अक्षर वाईट आहे.

कॉर्नेलियस टूही, सार्जंट